बाटलीच्या गळ्यातला लाल दोरा

लातूरच्या गंजगोलाईत, म्हणजे गावच्या गोल बाजारपेठेत, आमचं दुकान शोधायला पत्ता लागत नाही, नाक लागतं. ज्यांचं नाक चोंदलेलं असेल त्यांच्यासाठी सांगते, भांड्यांच्या दुकानांची ओळ संपली की उजव्या हाताला. ऊद, धूप, अत्तर, गुलाबपाणी आणि बारीक बाटल्यांतली तेलं विकणारं आमचंच. लग्न होऊन उदगीरहून लातूरला आले तेव्हा सासऱ्यांनी, त्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणायचो, सहाच महिन्यांत मला दुकानात बसवलं. माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे. शेजारच्या घरात फोडणी करपायच्या आधी मला कळायचं, हे त्यांनी हेरलं होतं. पोटच्या तीन मुलांना बाजूला ठेवून सुनेला पुढं बसवलं म्हणून गोलाईत काही दिवस चर्चाही झाली.

आता मुलगा आणि सून दुकान बघतात. मी दाराजवळच्या खुर्चीत बसते आणि सगळ्या कामात लुडबूड करते. या अंकाच्या संपादकांनी सुगंधाच्या दुनियेतल्या गोड आठवणी लिहा म्हणून सांगितलं. गोड आठवणी माझ्याकडं फारशा नाहीत. या धंद्यातल्या माझ्या बहुतेक आठवणी पुरळ, फोड, शिंका आणि डोळ्यांतून पाणी याच्याच आहेत. त्यांतल्या हसण्यासारख्या आधी सांगते. शेवटची हसण्यासारखी नाही. माझ्यामुळं एका बाईचं नाव गेलं, ते परत करायचं आहे, आणि खरं तर तेवढ्यासाठीच मी पेन हातात घेतलं आहे. पण आधी तेल समजून घ्या, त्याशिवाय ती गोष्ट कळायची नाही.

तेल म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला करडई आठवते, तीळ आठवतो. ही दाबून काढलेली तेलं. अंगाला चोपडा, भाकरीवर घ्या, कुणाचं काही बिघडत नाही. दुसरी जात वाफेची. गवती चहाचा अख्खा भारा भट्टीत चढवायचा, खालून वाफ सोडायची, ती वाफ धरून थंड करायची आणि पाण्यावर जो तवंग येतो तेवढाच काढून घ्यायचा. भारेच्या भारे संपतात आणि हाती येते बोटाएवढी बाटली. नीलगिरी, लवंग, पुदिना, लव्हेंडर, सगळ्यांची कमीजास्त हीच रीत. हल्ली त्याला इसेन्शियल ऑईल म्हणतात. अप्पा त्याला उडतं तेल म्हणायचे, कारण कागदावर थेंब टाकला तर थोड्या वेळानं डागसुद्धा सापडत नाही. कुणी म्हणालं की अहो झाडपाल्याचंच आहे, त्यानं काय होतंय, तर अप्पा विचारायचे, "गवताचा भारा अंगावर पाडून घेतूस का? मग बाटली कशाला उपडी करून राहिलास?"

आमची गिऱ्हाईकं पन्नास तऱ्हेची. त्यातल्या कितीकांना वाचता यायचं नाही. शिवाय त्या काळी लोक आपापली बाटली घेऊन यायचे, खोकल्याच्या औषधाची नाहीतर मधाची, आणि आम्ही ती भरून द्यायचो. एकदा भरली की नीलगिरी आणि तिळाचं तेल दिसायला सख्ख्या बहिणी. म्हणून अप्पांनी एक रीत घातली होती. उडत्या तेलाच्या बाटलीच्या गळ्याला पूजेच्या लाल नाड्याचे तीन वेढे द्यायचे आणि गाठ मारायची. गाठ मारता मारता ते म्हणायचे, लाल दोरा म्हणजे थेंबानं, थेट अंगाला नाही, पोटात नाही, लेकराजवळ नाही. आणि गिऱ्हाइकाला ते मोठ्यानं परत म्हणायला लावायचे. तहसीलदार असो की हमाल, म्हटल्याशिवाय बाटली हातात मिळायची नाही. मोठमोठ्या लोकांना शाळेतल्या पोरांसारखं पाठ म्हणताना बघून मला तोंडाला पदर लावावा लागायचा.

पाठ म्हणूनही लोक करायचं तेच करायचे, ही गोष्ट वेगळी. नांदेडचे एक इंजिनिअर साहेब होते. उन्हाळ्यात कूलरच्या पाण्यात वाळ्याचं अत्तर चार थेंब टाकायचं, ही आपल्या भागातली जुनी चैन. साहेबांना तेवढ्यानं थंड वाटेना. त्यांनी पुदिन्याच्या तेलाची अख्खी बाटली कूलरमध्ये ओतली, दारं-खिडक्या लावल्या आणि सगळ्या घराला समोर बसवलं. पाव तासात सगळं खटलं डोळे चोळत गच्चीवर, आणि वर मे महिन्याचं नांदेडचं ऊन. नेमक्या भोकरहून त्यांच्या सासूबाई राहायला आल्या होत्या. जावयानं आपल्याला हुसकायला हे केलं, अशी त्यांची पक्की समजूत झाली आणि ती शेवटपर्यंत गेली नाही. साहेब तक्रार घेऊन माझ्याकडं आले. मी म्हटलं, वास घ्यायचा तर चार थेंब, अर्धा तास, आणि एक खिडकी उघडी. घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर तेही नको. त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं आणि सासूला समजवायला कुठलं तेल चालतं, असं विचारलं. ते आमच्याकडं नव्हतं.

दुसरी एक पोरगी, लातूरला शिकायला आलेली, होस्टेलवर राहणारी. तिनं मोबाईलवर वाचलं की आंघोळीच्या पाण्यात दहा थेंब टाकले की शीण जातो. मोबाईलवाल्यानं टब धरला होता. लातूरला टब कुठला? बादली. आणि टँकरच्या त्या दिवसांत तीही अर्धी. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगत राहतं. पहिल्याच मगात सगळं तेल तिच्या पाठीवर गेलं आणि पाठ तव्यावरून काढल्यासारखी लाल झाली. मी तिला साधं खोबरेल लावून दिलं, वरून साबणानं धुवायला लावलं आणि मग हिशेब समजावला. एका लहान चमच्यात साधारण शंभर थेंब मावतात. चमचाभर खोबरेलात उडत्या तेलाचे दोन थेंब, बास. तोंडाला लावायचं तर एकच. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघायची, खाज आली नाही तर पुढं जायचं. पोटुशी बाई असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय बाटलीला हातच लावायचा नाही. ती म्हणाली, एवढं थांबायला कुणाला वेळ आहे? मी तिला तिची पाठ आरशात दाखवली.

माझ्या माहेरच्यांनी तर कमालच केली. भाचीच्या हळदीला तिच्या मावशीनं, म्हणजे माझ्याच धाकट्या बहिणीनं, रंग उजळतो म्हणून हळदीत लिंबाच्या सालीचं तेल कालवलं. ते तेल आणि ऊन यांचं हाडवैर आहे. लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि पुढं कितीतरी दिवस काळे डाग राहतात. उदगीरला उघड्या मांडवात, भर दुपारी हळद. लग्नात पोरीच्या गळ्यावर असा डाग की दागिना घालून झाकावा लागला. बाटली माझ्याच दुकानातली, दोरा बांधलेली. बहिणीनं पाठही म्हटला होता. नंतर ती हळद विकणाऱ्याला बोल लावत बसली.

आणि अहमदपूरचे ते पालक. मुलगा डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करत होता. वडील म्हणाले, अभ्यास डोक्यात राहायचं तेल द्या. मी म्हटलं, तसं तेल असतं तर माझा मुलगा या गल्ल्यावर बसला असता का? तरी त्यांनी रोजमेरीची बाटली नेलीच. काही महिन्यांनी तो पोरगा स्वतः आला आणि आणखी एक बाटली मागितली. मला फार आनंद झाला. गुण आला का, विचारलं. म्हणाला, लई गुण आला, त्या वासानं पप्पांना शिंका येतात, ते खोलीत येतच न्हाईत.

अशी सगळ्यांना शहाणपण शिकवणारी मी. आता माझी गोष्ट.

अप्पा गेले आणि दुकान माझ्या हातात आलं. सहा-सात वर्षांपूर्वी मी त्याचा नवा अवतार करायचं ठरवलं. काचेची कपाटं केली. लोकांच्या बाटल्या भरायचं बंद करून आमच्याच तपकिरी काचेच्या बाटल्या आणल्या. ते बरोबरच होतं, कारण उडतं तेल प्लास्टिकला खातं आणि उजेडात, उकाड्यात नासतं. नासलेलं तेल तर जास्तच डसतं. पुण्याच्या भाच्याकडून लेबल करून घेतलं. कडेनं सोनेरी वेल, मधे दुकानाचं नाव, खाली तेलाचं नाव, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, फक्त बाह्य वापरासाठी, पातळ करूनच वापरा, मुलांपासून दूर ठेवा. मी ती पहिली बाटली देवघरात ठेवली होती, इतकी मला ती आवडली.

त्या बाटलीवर लाल दोरा मला गावठी वाटायला लागला. सोनेरी वेलीवर जत्रेतला नाडा बांधल्यासारखं दिसायचं. एका दुपारी बसून कपाटातल्या सगळ्या बाटल्यांचे दोरे मी माझ्या हातानं कापले. सून प्रियंका तेव्हा नवीनच आली होती. अप्पांचा दोरा का काढता आई, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, लोक आता शिकलेत, लिहिलेलं वाचतात. पाठ म्हणून घेणंही त्याच दिवशी बंद झालं.

आता सोजरमावशी कोण ते सांगते. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई. आमच्या भागातली अर्धीअधिक माणसं तिच्या पायांवरून गेलेली आहेत. माझा मुलगाही गेला. पाय लांब करून पाटावर बसायची, बाळाला नडग्यांवर पालथं घालायची आणि अशी चोळायची की रडणारं पोर मधेच पेंगायचं. न्हाणं झालं की ओव्याची, लसणाच्या सालपटांची धुरी द्यायची. आणि सगळ्यात शेवटी टाळू भरायची. बाळाच्या डोक्यावर जिथं हाड भरलेलं नसतं आणि कातडीखाली धकधक दिसते, त्या मऊ जागेवर चार थेंब तेल सोडायचं, ही आपल्याकडची पिढ्यांची चाल. मावशीला अक्षर वाचता येत नव्हतं. तिला त्याची गरजही पडली नाही. कुणाच्याही घरी बाटली उघडायच्या आधी ती तिच्या गळ्याभोवती अंगठा फिरवायची. दोरा लागला की बाटली बाजूला. अप्पांनी शिकवलेला पाठ लातुरात जर कुणी एकानं पुरता पाळला असेल, तर तो तिनं.

रेणुका म्हणून एक पोरगी आमच्याच मागच्या गल्लीत राहते. तिला मुलगा झाला, महिन्याचाही झाला नव्हता. तिचा नवरा माझ्याकडून दोन बाटल्या घेऊन गेला, बाळाला तिळाचं तेल आणि स्वतःच्या वडिलांना वाफ घ्यायला नीलगिरी. दोन्ही मीच भरल्या. सारखी बाटली, सारखी वेल. घरी गेल्यावर दोन्ही मोरीतल्या कोनाड्यात शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली. खोलीत धूर असा की जवळचा माणूस दिसू नये. त्यात तिचे गुडघे धरलेले. ती रोज त्यांना खोबरेलात नीलगिरी घालून चोळायची, त्यामुळं तो वास तिच्या लुगड्याला कायमचाच, बाटलीतला वेगळा जाणवला नाही. कोनाड्यातली बाटली घेतली, अंगठा फिरवला, दोरा लागला नाही. टाळूवर उपडी केली.

बाळ किंचाळलं, आणि मग एकाएकी मलूल झालं. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. काय झालं ते सगळ्यात आधी मावशीलाच कळलं. तिनं साध्या तेलानं, मग साबणानं डोकं पुसून काढलं, तसंच फडक्यात गुंडाळलं आणि पोराच्या आजोबांना रिक्षा आणायला पिटाळलं. दवाखान्यात बाळाला ऑक्सिजन लावला, दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या तेलाच्या नुसत्या वासानंही एवढ्या लेकराचा श्वास अडू शकतो, झटकेही येतात. नीलगिरी, पुदिना, कापूर, यांतलं काहीही तान्ह्याच्या अंगाला, नाकाशी, उशाशी नको. कुणाच्या पोटात गेलं तर उलटी काढत बसायचं नाही, बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठायचा. डोळ्यात उडालं तर भरपूर स्वच्छ पाणी मारत तसंच निघायचं. बाळ वाचलं. टाळूची कातडी तेवढी काही दिवस लाल राहिली.

बाटली आमच्या दुकानातली आहे हे कळल्यावर मी धावत गेले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात रेणुकाची सासू, सासरे, नवरा आणि चार नातेवाईक. मावशी भिंतीला टेकून खाली फरशीवर बसलेली. रेणुकाच्या सासऱ्यांच्या हातात ती बाटली होती आणि ते लेबल मोठ्यानं वाचत होते. नीलगिरी तेल. मुलांपासून दूर ठेवा. एवढं ढळढळीत लिहिलेलं असताना, म्हणाले, म्हातारीचे डोळे गेले का अक्कल गेली?

मावशी एवढंच म्हणाली, "बाटलीला दोरा नव्हता. म्या हात लावून बघितलं."

कसला दोरा, असं कुणीतरी विचारलं. तिनं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "आक्काला इचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "आता सगळ्या बाटल्यांवर लिहिलेलं असतं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. आणि इतकं वाईट मी आयुष्यात दुसरं काही बोललेली नाही. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पदर सावरला. ज्या लेबलाचा मला एवढा अभिमान होता त्यानं मला वाचवलं आणि तिला बुडवलं.

त्यानंतर सोजरमावशीला कुणी न्हाऊ घालायला बोलावलं नाही. लातूरला बातमी चालत नाही, पळते. बारशाला जिला पहिली ओटी मिळायची, ती एका डाळमिलात डाळ निवडायला जायला लागली. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळ्या बाटल्यांना पुन्हा दोरे बांधले, सोनेरी वेलीवरच बांधले, आणि पाठ म्हणून घ्यायलाही सुरुवात केली. गिऱ्हाईकं म्हणाली, वा, अप्पांची आठवण ठेवलीत. मी हसून मान डोलवायची. आतल्या आत मला शरमेनं मेल्यासारखं व्हायचं, पण तोंड काही उघडलं नाही. डाळमिलाच्या बाजूला काम निघालं तर मी रिक्षा दुसऱ्या रस्त्यानं न्यायला सांगायची.

अशी चांगली पाच-सहा वर्षं गेली. गेल्या वर्षी प्रियंकाचं दुसरं बाळंतपण आमच्या घरी झालं, मुलगी झाली. न्हाऊ घालायला एक पोरगी आली, गणवेश घातलेली, बोलायला चुणचुणीत. पिशवीतून लव्हेंडरची बाटली काढली आणि बाळाला छान झोप लागते म्हणाली. प्रियंकानं तिला चहा देऊन परत पाठवलं. मग मला म्हणाली, तुमच्या मुलाला न्हाऊ घालणारी बाई होती ना, तिलाच बोलवा. मी म्हटलं, लोक काय म्हणतील. ती बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत होती, मान वर न करता बोलली.

"आई, दोरे तुम्ही कापले होते. मी समोर होते."

इतकी वर्षं या पोरीनं हे मनात ठेवलं होतं आणि एकदाही तोंडावर मारलं नव्हतं. मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू. मग तो उतरला आणि मी चप्पल घातली.

मावशी डाळमिलाच्या मागं एका खोलीत राहते. दारात सूप घेऊन बसली होती. रस्ताभर मी मोठं भाषण जुळवलं होतं, अप्पा, दुकान, नवा काळ, सगळं त्यात होतं. तिच्यासमोर त्यातलं काहीच आठवेना. मी म्हटलं, "मावशी, दोरे मी कापले होते. तुझी चूक नव्हती."

तिनं सुपातली डाळ दोनदा पाखडली. मग म्हणाली, "म्हाईत हाय की. म्या तवाच सांगितलं. तुझ्या तोंडून यायचं तेवढं राहिलं हुतं."

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं, पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. थोड्या वेळानं मी नातीचं सांगितलं, न्हाऊ घालायला ये म्हटलं.

"येते. पर आधी रेणुकाच्या घरला चल. हितं माझ्या दारात बोलून काय उपेग, आक्का? माझं नाव तिथं गेलंय. तिथनंच आणावं लागंल."

त्याच दुपारी आम्ही दोघी एका रिक्षातून गेलो. अंगणात तो पोरगा सायकल फिरवत होता, गुडघे फोडलेले, गेल्या गेल्या मला धडकला. रेणुका, तिची सासू, सासरे, सगळ्यांसमोर मी उभ्यानंच सांगितलं. दोरा काय होता, तो कुणी घातला, कुणी कापला, आणि दवाखान्यात मी काय बोलले आणि काय गिळलं. रेणुकानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही तिथंच उभ्या होतात ना, काकू?" मी "हाव" म्हटलं. ती आत जाऊन एक कप चहा घेऊन आली आणि मावशीच्या हातात दिला. मला दिला नाही. ते बरोबर होतं, आणि खरं सांगते, मला जरा हलकंच वाटलं.

चहा पिऊन मावशीनं त्या पोराला जवळ बोलावलं. तो लाजत आला. तिनं त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला, नेमका टाळूवर, आणि बोटांनी केस बाजूला करून बघितलं. दाट केस होते. जा खेळ, म्हणाली.

त्यानंतर या वर्षात तीन घरांनी तिला बोलावलं. त्यांतलं एक रेणुकाच्या नणंदेचं. ज्यांच्या मनात अजून किंतु असेल त्यांनी हा लेख वाचावा म्हणून मी संपादकांना सांगितलं आहे की एक शब्द कापू नका.

नातीच्या पहिल्या न्हाण्याला मावशी सकाळीच आली. पाय लांब करून बसली, पोरगी नडग्यांवर घेतली, आणि ते लाडाचं पोर चोळता चोळता पेंगलं. धुरी डॉक्टरांनी नको सांगितली होती, तिनं हट्ट केला नाही. टाळू थापायची नाही, साध्या तेलाचा हलका हात फिरवायचा, हेही मानलं. मग कोनाड्यातली तिळाच्या तेलाची बाटली उचलली आणि माझ्यापुढं धरली. आधी तू हात फिरव, म्हणाली, आणि मोठ्यानं सांग.

मी बाटलीच्या गळ्याभोवती अंगठा फिरवला. सून, मुलगा, थोरली नात, सगळे बघत होते. अप्पांपुढं गिऱ्हाईकं म्हणायची तसं मी मोठ्यानं म्हटलं, "दोरा नाही. अंगाला चालतं."

मावशीनं मान डोलवली, बाटली माझ्या हातून घेतली, आणि पुन्हा स्वतःचा अंगठा फिरवून बघितला.